‘तीच दी, दुसरी नको’ : साध्या तापाच्या गोळीतही जेनेरिक मागे का पडते?

पेडणे / डिचोली : पत्रादेवीच्या अलीकडे दुकानावर पाटी ‘फार्मसी’ची असते, पलीकडे बांद्याला गेले की ती ‘मेडिकल’ होते. बाकी काउंटरवरचे बोलणे दोन्हीकडे एकच. गिऱ्हाईक येते, अंगात कणकण आहे म्हणून तापाच्या दोन गोळ्या मागते. मागताना औषधाचे नाव घेत नाही, कंपनीने ठेवलेले नाव घेते : क्रोसिन, डोलो, कॅल्पॉल. ती पट्टी संपलेली असली आणि दुकानदाराने दुसरी काढून ‘कंटेंट सेमच आहे’ म्हटले, तरी उत्तर ठरलेले, ‘तीच दी, दुसरी नको.’ नसली तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाते.

दोन्ही पट्ट्यांवर पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम असेच छापलेले असते. डॉक्टरची चिठ्ठी नाही, कोणी सक्ती केलेली नाही, पैसे स्वतःच्या खिशातले. तरी स्वस्त किंवा अनोळखी पट्टी नको असते. पेडण्यात हे जास्त खटकते, कारण याच तालुक्यात तुये येथे गोवा अँटिबायोटिक्स अँड फार्मास्युटिकल्स ही सरकारी मालकीची औषध कंपनी आहे. १९८० मध्ये स्थापन झालेली ही कंपनी २०१४ पासून केंद्र सरकारच्या एचएलएल लाइफकेअरची उपकंपनी आहे. तिची औषधे मुख्यतः सरकारी संस्थांना जातात. म्हणजे जिथे साध्या नावाची औषधे तयार होतात, त्याच तालुक्यातल्या काउंटरवर साध्या नावाला गिऱ्हाईक नाही.

आधी शब्दांचा घोळ

जेनेरिक म्हणजे हलके औषध, असा समज पक्का आहे. मुळात अर्थ वेगळा. औषधाचे पेटंट संपले की ते कोणतीही परवानाधारक कंपनी बनवू शकते. असे औषध म्हणजे जेनेरिक. पॅरासिटामॉलचे पेटंट कधीच इतिहासजमा झाले. त्यामुळे जाहिरातीतली महाग गोळीही त्या अर्थाने जेनेरिकच, फक्त तिला नाव दिलेले आहे.

बाजारात मात्र तीन गोष्टी मिसळल्या जातात. पहिली, कंपनीचे प्रतिनिधी डॉक्टरांकडे घेऊन जातात किंवा टीव्हीवर दिसते ती ब्रँडेड गोळी. दुसरी, कंपन्या थेट घाऊक विक्रेत्यांमार्फत दुकानांत देतात ती, जिला दुकानदार ‘जेनेरिक माल’ म्हणतात. हिच्यावरही काहीतरी नाव असते, पण ते कोणी ऐकलेले नसते. तिसरी, जनऔषधी केंद्रातली, जिच्यावर औषधाचे मूळ नावच ठळक असते. अनेकदा पहिली आणि दुसरी एकच कंपनी बनवते.

आणि ‘ओटीसी’, म्हणजे चिठ्ठीशिवाय मिळणारे औषध? भारतीय कायद्यात असा स्वतंत्र गट नाही. १९४५ च्या औषध नियमांतील शेड्यूल एच, एच-१ आणि एक्समध्ये जी औषधे आहेत त्यांना चिठ्ठी लागते. त्यात नसलेली साधी औषधे लोक काउंटरवरून नेतात. (अँटिबायोटिक त्यात येत नाही. दुकानात मागून मिळते म्हणून ते ओटीसी ठरत नाही, पण तो वेगळा विषय.)

ओळख पोसऱ्यावर होते

एक हजारापेक्षा कमी वस्तीच्या गावात काही घरगुती औषधे परवान्याशिवाय विकायची सवलत शेड्यूल के देते. त्यात पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन, बाम, आम्लपित्तावरची औषधे अशी यादी आहे. अट अशी की माल परवानाधारक उत्पादकाचा आणि मूळ वेष्टनात असावा. डोंगरपट्ट्यातल्या वाड्यांवर तापाच्या गोळीची पहिली ओळख म्हणूनच फार्मसीत नव्हे, किराणा दुकानात, पोसऱ्यावर होते. आणि पोसऱ्यावर राहणार तेच, जे जाहिरातीमुळे आपोआप खपते. डबा, रंग, नाव लहानपणापासून डोळ्यांत बसते. पुढे शिकलेली मुलेही म्हापशाच्या मोठ्या फार्मसीत जाऊन तेच नाव मागतात.

कोविडच्या लाटांत यात भर पडली. डोलो हे एका कंपनीचे नाव, पण त्या दोन वर्षांत ते तापाच्या गोळीचेच नाव होऊन गेले. त्याच ताकदीच्या इतर गोळ्या दुकानात पडून होत्या आणि लोक डोलो आहे का म्हणून विचारत फिरत होते.

दोन गोळ्यांचा हिशेब

जेनेरिकचा प्रचार ‘पन्नास ते नव्वद टक्के स्वस्त’ या आकड्यावर चालतो. पण तापाच्या गोळीत हा आकडा गिऱ्हाइकाला हलवत नाही. कारण पॅरासिटामॉल अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे आणि २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाने त्याच्या कमाल किमतीला लगाम आहे. बाजारात किमान एक टक्का वाटा असलेल्या सगळ्या ब्रँडच्या किमतींची सरासरी काढायची, त्यात किरकोळ विक्रेत्याचे १६ टक्के मिळवायचे, ती कमाल किंमत. त्यामुळे मुळात गोळी रुपया-दोन रुपयांची.

शिवाय आपल्याकडे पट्टी घेण्याची पद्धत कमी. दोन सुट्ट्या, फार तर चार. कात्रीने कापून कागदी पाकिटात. तेवढ्यात वाचणार किती? एक-दोन रुपये. घरी पोर तापाने फणफणलेले असताना दोन रुपयांसाठी अनोळखी गोळी घ्यायची जोखीम कोण पत्करेल? गिऱ्हाइकाचा हा हिशेब मूर्खपणाचा नाही.

कापलेल्या पट्टीने आणखी एक होते. नाव एका तुकड्यावर राहते, मुदत दुसऱ्यावर, बॅच नंबर तिसऱ्यावर. घरात आलेल्या तुकड्यावर वाचायला काही उरत नाही, मग ओळखायची खूण म्हणजे फॉइलचा रंग. ‘ती निळ्या पट्टीची’ असे वयस्क बायका सांगतात ते यामुळे. औषधाचे मूळ नाव इंग्रजी अक्षरांत, तेही बारीक. सरकारने सप्टेंबर २०१८ पासून मूळ नाव ब्रँडपेक्षा किमान दोन फाँट मोठे छापायचा नियम केला, पण अक्षर मोठे झाले तरी लिपी तीच राहिली.

गुण येणे

मराठी आणि कोकणीत औषधाला ‘गुण येतो’. डॉक्टरला हातगुण असतो. हा निव्वळ शब्दांचा भाग नाही. ज्या गोळीने मागच्या वेळी ताप उतरला तिला गुण आहे, नव्या गोळीचा अजून ठरायचा आहे. ताप बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत आपला आपण उतरतोच, पण श्रेय शेवटी घेतलेल्या गोळीला जाते. नवी गोळी घेतली आणि ताप रात्री परत चढला, तर दोष मात्र गोळीचा.

यामागे शरीराचाही भाग आहे, आणि तो मोजला गेला आहे. १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये डोकेदुखी असलेल्या ८३५ स्त्रियांवर एक अभ्यास झाला. काहींना नावाजलेल्या ब्रँडच्या वेष्टनात गोळ्या दिल्या, काहींना साध्या वेष्टनात. दोन्हींत काही खऱ्या ॲस्पिरिनच्या, काही औषध नसलेल्या. ब्रँडच्या वेष्टनातल्या गोळ्यांनी जास्त आराम पडल्याचे आढळले. २००८ मध्ये अमेरिकेत ८२ जणांना औषध नसलेलीच वेदनाशामक गोळी दिली. निम्म्यांना सांगितले की ती अडीच डॉलरची, बाकीच्यांना सांगितले की किंमत उतरवून दहा सेंट केली आहे. महाग गोळीवाल्यांपैकी सुमारे ८५ टक्क्यांना वेदना कमी वाटल्या, स्वस्तवाल्यांपैकी ६१ टक्क्यांना. तेव्हा ‘मला ह्याच गोळीने बरे वाटते’ म्हणणारी आजी खोटे बोलत नसते. डोकेदुखीसारख्या त्रासात विश्वासाचाही थोडा गुण असतो. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या आकड्यावर मात्र केवळ विश्वासाने भागत नाही.

छापील किमतीचे कोडे

सर्वांत मोठी गडबड मात्र गिऱ्हाइकाच्या मनात नाही, पट्टीच्या मागे छापलेल्या एमआरपीत आहे.

दुकानात येणाऱ्या ‘जेनेरिक माला’वर छापील किंमत बऱ्याचदा ब्रँडेडच्या आसपासच असते. दुकानदाराला मात्र तो माल त्याच्या कितीतरी कमी भावात पडतो. समजण्यापुरते उदाहरण घ्या : छापील ६० रुपयांची पट्टी दुकानदाराला १५ ला पडली. तो ६० ला विकू शकतो, कायद्याने चुकीचे नाही. ३० ला दिली तर ‘पन्नास टक्के सूट’. एक दुकान सूट देते, शेजारचे देत नाही. मग गिऱ्हाइकाच्या मनात दोनच प्रश्न येतात. अर्ध्या किमतीत परवडते तर माल कसला असेल? आणि दुकानदार ही पट्टी पुढे करतो ती माझ्या भल्यासाठी की त्याच्या गल्ल्यासाठी?

दुसरा प्रश्न बोचरा आहे, कारण त्यात तथ्य आहे. यादीतल्या औषधावर ब्रँडेडमध्ये दुकानदाराच्या हाती साधारण १६ टक्के, यादीबाहेरच्यावर २० टक्क्यांच्या आसपास राहतात. जेनेरिक मालावर त्याच्या कितीतरी पट. म्हणजे जो दुकानदार प्रामाणिकपणे ‘कंटेंट सेम आहे, ही घ्या’ म्हणतो आणि जो स्वतःच्या फायद्यासाठी तेच म्हणतो, त्या दोघांचे वाक्य एकच. गिऱ्हाइकाने फरक कसा ओळखायचा?

दुकानदारांची बाजू अशी की लहान गावातल्या फार्मसीत फळ्या मोजक्या, एकाच औषधाचे पाच प्रकार ठेवता येत नाहीत. डॉक्टर जे लिहितात ते ठेवावे लागते. आणि शेड्यूल एच किंवा एक्समधल्या औषधाची चिठ्ठी असेल, तर नियम ६५ मधील कलम ११-ए प्रमाणे लिहिलेल्याऐवजी दुसरे, अगदी तेच घटक असलेलेही, परस्पर देता येत नाही. गंमत अशी की चिठ्ठीशिवायच्या साध्या औषधाला ही अडचण नाही. तिथे पर्याय द्यायला दुकानदार मोकळा आहे, आणि नेमके तिथेच गिऱ्हाईक नको म्हणते.

जनऔषधी केंद्रांत एमआरपीचे हे कोडे नसते. तिथे छापील किंमतच कमी, आघाडीच्या तीन ब्रँडच्या सरासरीच्या जास्तीत जास्त निम्मी, असा त्या योजनेचा दंडक आहे. पहिले केंद्र नोव्हेंबर २००८ मध्ये अमृतसरला सुरू झाले. २०१६ पासून योजना ‘प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी परियोजना’ या नावाने चालते आणि देशभरातील केंद्रे आता १५ हजारांच्या वर गेली आहेत. पण तापाच्या दोन गोळ्यांसाठी वाट वाकडी करून केंद्र शोधत कोणी जात नाही.

भीती अगदीच निराधार नाही

जेनेरिकचे समर्थक लोकांच्या भीतीला अडाणीपणा म्हणून झटकतात, ते बरोबर नाही. केंद्राने २०१४ ते २०१६ या काळात देशभर सुमारे ४७ हजार औषध नमुन्यांची तपासणी करून घेतली. नकली औषधे अगदी नगण्य निघाली. पण दर्जात न बसणारी? किरकोळ दुकानांतल्या नमुन्यांत सुमारे तीन टक्के, तर सरकारी पुरवठ्यातल्या नमुन्यांत सुमारे दहा टक्के. ‘सरकारी गोळीला गुण नाही’ हे आरोग्य केंद्राच्या ओट्यावर ऐकू येणारे वाक्य त्या आकड्यापुढे थट्टेचे राहत नाही. अर्थात दहापैकी नऊ नमुने दर्जात बसले, हेही त्याच अहवालात आहे.

मुंबईची आठवण तर जुन्या पिढीला आहेच. १९८६ च्या सुरुवातीला जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन आयोगाने रुग्णालयाची खरेदी, पुरवठादार आणि औषध प्रशासन यांतले लागेबांधे उघडे केले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल होते. तेच विष २०२२ मध्ये गांबियातल्या मुलांच्या आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याच्या मुलांच्या मृत्यूंशी जोडलेल्या खोकल्याच्या औषधांत निघाले.

मात्र इथे एक गोष्ट नजरेतून सुटते. छिंदवाड्यातले खोकल्याचे औषध बिननावाचे नव्हते, त्याला ब्रँडनाव होते. केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला दर्जात न बसलेल्या औषधांची यादी काढते. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या यादीत साध्या पॅरासिटामॉलबरोबर घरोघरी माहीत असलेले ब्रँडही होते. त्यातल्या काही कंपन्यांनी ती बॅच आपली नाही, नकली आहे असे सांगितले. तेही धरून चालले तरी अर्थ एवढाच की नकल नेहमी खपणाऱ्या नावाची होते. म्हणून तर १ ऑगस्ट २०२३ पासून सर्वाधिक खपाच्या ३०० ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. मोबाइलने तो स्कॅन केला की औषधाचे मूळ नाव, उत्पादक, बॅच आणि मुदत दिसते.

दर्जाचा प्रश्न म्हणजे कारखान्याचा आणि तपासणीचा प्रश्न. नावाने तो सुटत नाही, आणि नाव नसल्याने निर्माणही होत नाही.

बनवणारे काय घेतात?

चार अर्थतज्ज्ञांनी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या ग्राहकांबद्दल एक सोपा प्रश्न विचारला : औषधे जाणणारे स्वतःसाठी काय घेतात? डोकेदुखीच्या गोळ्यांत सामान्य ग्राहक २६ टक्के वेळा मोठा ब्रँड घेत होते, फार्मासिस्ट फक्त ९ टक्के वेळा. ज्याला आतले कळते तो नावाला जास्त पैसे देत नाही.

यावर ‘अमेरिकेतली तपासणी कडक, आपल्याकडे तशी कुठे’ हा आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. पण गोव्यात त्याला एक जोड आहे. वेर्णा, कोलवाळ, फोंडा पट्ट्यातले कारखाने बाहेरच्या कडक बाजारांसाठीही औषधे बनवतात. पेडण्याहून चापोरा नदी ओलांडली की पहिलेच मोठे गाव कोलवाळ, तिथे ग्लेनमार्कचा कारखाना आहे. वेर्ण्यातली मार्कसन्स अमेरिका आणि ब्रिटनच्या बाजारासाठी चिठ्ठीशिवायची औषधे बनवते. ब्रिटनमधल्या स्विंडनला गेलेली गोव्यातली कुटुंबे तिथल्या सुपरमार्केटमधून त्या दुकानाच्याच लेबलचे सोळा गोळ्यांचे पॅरासिटामॉलचे पाकीट बिनदिक्कत उचलतात. सुट्टीत घरी आले की मात्र पुन्हा ब्रँडचे नाव. माणूस तोच, तिथे त्याचा विश्वास दुकानावर आणि तपासणीवर असतो, इथे नावावर.

खरा फटका कुठे बसतो

तापाच्या गोळीत दोन रुपये जास्त गेले तर कोणाचे घर बुडत नाही. पण ‘अनोळखी नाव नको’ ही सवय तिथे लागते आणि पुढे रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांपर्यंत पोचते. ती औषधे महिनोन्महिने, वर्षानुवर्षे घ्यायची. घरात दोन म्हातारी माणसे असली तर औषधाचे बिल हा दरमहाचा खर्च होऊन बसतो. तिथे किमतीतला फरक रुपयांत नाही, हजारांत मोजावा लागतो.

डॉक्टरांनी मूळ नावाने लिहावे, हा उपाय कागदावर आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ च्या सुरुवातीला तसे बंधनकारक नियम काढले. दर्जाची हमी कोण देणार, असा डॉक्टर संघटनांनी सवाल केला आणि त्याच महिन्यात ते नियम स्थगित झाले.

सीमाभागात मूळ नाव माहीत नसण्याची आणखी एक किंमत आहे. दोडामार्ग, सावंतवाडीकडचा रुग्ण बांबोळीच्या गोमेकॉत किंवा म्हापशात दाखवतो आणि गोव्यातल्या डॉक्टरने लिहिलेला ब्रँड घेऊन घरी जातो. महिन्याने गोळ्या संपतात. गावच्या मेडिकलमध्ये तो ब्रँड नसतो. चोर्ला घाटापलीकडे खानापूर-बेळगावकडेही तसेच. मग एक गोळी आणायला कोणीतरी मोटरसायकल काढतो, किंवा बस येईपर्यंत खाडा होतो. राज्य बदलले की ब्रँड बदलू शकतो. टेल्मिसार्टन, अम्लोडिपिन, मेटफॉर्मिन ही नावे तिन्ही राज्यांत तीच राहतात. ब्रँडबरोबर मूळ नाव आणि मिलिग्रॅम डॉक्टरकडून चिठ्ठीवर लिहून घेतले, तर पर्याय कोणता चालेल हे विचारणे सोपे जाते. थायरॉइड, फिट्स, रक्त पातळ करणारी औषधे मात्र डॉक्टरला न विचारता एका कंपनीवरून दुसरीवर नेऊ नयेत.

नावाने मागण्यात घोळही होतो. एकाच ब्रँडनावाखाली वेगवेगळी औषधे येतात. क्रोसिनच्या सर्दीवरच्या गोळीत पॅरासिटामॉलबरोबर इतर घटकही असतात. सॅरिडॉनमध्ये पॅरासिटामॉल असते, सोबत प्रॉपिफेनाझोन आणि कॅफीन. एक तापासाठी, दुसरी सर्दीसाठी, तिसरी डोकेदुखीसाठी घेतली तर तिन्हींत पॅरासिटामॉल जाते आणि कळतही नाही. प्रौढ माणसाला दिवसाला चार ग्रॅम ही वरची मर्यादा, त्यापुढे यकृताला धोका. दारू पिणाऱ्याला तर त्याहून कमीतही.

पट्टीवर काय पाहायचे

मूळ नाव आणि मिलिग्रॅम, उत्पादकाचे नाव व परवाना क्रमांक, बॅच, मुदत. सुट्ट्या घ्यायच्या असल्या तर निदान मुदत आणि बॅच असलेला तुकडा मागून घ्यावा, किंवा कापण्याआधी मोबाइलवर फोटो काढावा. छापील किमतीवर सूट किती, यापेक्षा गोळीमागे पडले किती हे विचारावे. बिल घ्यावे, दहा रुपयांचे असले तरी.

गोळी कापताच भुगा होणे, रंग बदललेला असणे, सिरपमध्ये गाळ दिसणे असे काही असले तर उरलेले औषध वेष्टनासह ठेवून तक्रार करता येते. औषध ब्रँडेड असो वा जेनेरिक, जागा तीच. गोव्यात विकत घेतले असेल तर बांबोळीचे अन्न व औषध प्रशासन संचालनालय, सिंधुदुर्ग-कोल्हापुरात महाराष्ट्राचे अन्न व औषध प्रशासन, बेळगावात कर्नाटकचे अन्न सुरक्षा व औषध प्रशासन खाते. रुग्ण कुठल्या राज्यात राहतो यावर नाही, दुकान कुठल्या राज्यात आहे यावर ते ठरते. म्हणून दोडामार्गच्या माणसाने डिचोलीत घेतलेल्या पट्टीची तक्रार बांबोळीला जाते, आणि तिथे पहिली विचारणा बिलाची आणि बॅच नंबरची होते.